एका यंत्राला एकच नाव

या लिखाणात मी कुणाचंही नाव घेणार नाही. सुरुवातीला वाटलं होतं की हे सभ्यपणाचं आहे, लोकांची उणीदुणी निघू नयेत म्हणून. चार पानं लिहून झाल्यावर खरं कारण कळलं. नावांच्या बाबतीत माझा हात वाईट आहे. मी ज्या ज्या नावाला हात लावला, त्याचं काही बरं झालेलं नाही.

नव्वदच्या दशकात मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळत होतो. विभाग म्हणजे मी, एक खिडकीचा एसी आणि दारावर ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी. कारखान्यात बाकी सगळीकडे मळीचा वास आणि पिळलेल्या उसाच्या बगॅसचा भुगा, पण माझ्या खोलीत लोक देवळात यावेत तसे अनवाणी आणि हळू आवाजात बोलत येत. याचा माझ्या डोक्यावर परिणाम झाला नसता तरच नवल. माझा स्वभाव मुळात काटेकोर. घरचे त्याला खडूस म्हणतात. त्यात तिशीच्या आत ‘साहेब’ म्हणवून घ्यायची सवय लागली.

पंच्याण्णव सालच्या आसपास आम्ही कारखान्यातली यंत्रं एकमेकांना जोडली. मधे एक मोठा सर्व्हर आणि शेती विभाग, स्टोअर, वजनकाटा, आवक-जावक अशा ठिकाणी चौदा छोटी यंत्रं. प्रत्येक यंत्राला नाव द्यावं लागतं, नावाशिवाय ते जाळ्यात उभं राहत नाही. कामाच्या गडबडीत मी ज्याला त्याला सांगितलं, तुमच्या यंत्राचं नाव तुम्ही ठेवा. चूक तिथंच झाली. शेती विभागानं त्यांच्या यंत्राचं नाव ठेवलं ढवळ्या. स्टोअरकीपरनं आपल्या धाकट्या मुलीचं नाव दिलं आणि पेढे वाटले. बॉयलरवाल्यांनी अख्ख्या मारुतीस्तोत्रातून एक भारदस्त विशेषण काढलं, ते टाईप करताना रोज चुकायचं. आणि दोन विभागांनी एकमेकांना न विचारता आपल्या गावच्या दैवताचं नाव दिलं. दोघांचं गाव वेगळं, दैवत एकच.

एका जाळ्यात एकाच नावाची दोन यंत्रं चालत नाहीत. जे आधी सुरू होईल ते बसतं, नंतर येणाऱ्याला दारातून परत पाठवलं जातं. मग रोज सकाळी या दोन विभागांत शर्यत लागायची. कोण आधी येऊन बटण दाबतो. आठवडाभर दोन्हीकडचे कारकून वेळेच्या आधी कामावर येत होते, ही त्या कारखान्याच्या इतिहासातली अपूर्व गोष्ट. पण मला ते सहन होईना.

मी एक पद्धत बसवली. नावात आधी विभागाची दोन अक्षरं, मग इमारतीचं एक आणि मग दोन आकडे. देव नाही, बैल नाही, मुलगी नाही. एका यंत्राला एकच नाव, दुसरं नाव चालणार नाही. कार्यकारी संचालकांच्या सहीनं परिपत्रक काढलं आणि एका दुपारी चौदाच्या चौदा नावं बदलून टाकली. ढवळ्या गेल्याचं शेती विभागाला फार वाईट वाटलं. मला मात्र घर झाडून काढल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर पावत्या छापेनात. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग फाट्यापर्यंत गेली. बैलं उन्हात उभी, गाडीवान माझ्या खात्याचा उद्धार करताहेत. मी काटा, केबल, छपाईयंत्र सगळं तपासलं. सगळं धडधाकट होतं. शेवटी पुण्याच्या एका इंजिनिअरला फोन लावला. त्यानं शांतपणे विचारलं, छपाईयंत्र ज्या कॉम्प्युटरला जोडलंय त्याचं नाव बदललंत का? बदललं होतं. काट्यावरचं यंत्र बिचारं जुन्या नावानं हाका मारत होतं आणि त्याला ओ देणारं कुणी नव्हतं.

त्यानं उपाय सांगितला, तो पाच मिनिटांचा. सर्व्हरमध्ये एक छोटी फाईल असते, कोणतं यंत्र कुठं राहतं याची यादी. त्या यादीत नव्या नावाशेजारी जुनं नाव लिहून ठेवायचं. म्हणजे कुणी कोणत्याही नावानं हाक मारली तरी ती योग्य दारी पोचते. मी लिहिलं आणि काटा चालू झाला. त्या संध्याकाळी माझ्या कामाच्या वहीत मी एक नियम लिहिला, तो मला अजून शब्दशः पाठ आहे: ‘चालू यंत्राचं नाव बदलण्याआधी, त्याला जुन्या नावानं कोण कोण हाक मारतं याची यादी करावी.’

हे मी लिहिलं तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती.

आमचं घर वाईचं, तिचं माहेर साताऱ्याचं. लग्न साताऱ्यात झालं आणि वरात वाईला आली. लक्ष्मीपूजनाच्या वेळी माझ्यापुढं तांदळाचं ताट आणि हातात सोन्याची अंगठी दिली. आमच्याकडे सुनेचं नाव बदलायचंच अशी सक्ती नव्हती. माझ्या थोरल्या वहिनीचं बदललेलं नव्हतं. पण हिचं जन्माचं नाव आणि माझ्या आईचं नाव एकच निघालं. हे स्थळ पाहतानाच लक्षात आलं होतं आणि त्यावर थोडी चेष्टाही झाली होती. एका घरात दोघींना एकाच नावानं हाक कशी मारायची, असं आई म्हणाली. मला ते लगेच पटलं. नंतर येणाऱ्यानं नाव बदलायचं, यात मला काही गैर दिसलं नाही. मी अंगठीनं तांदळात तीन अक्षरी नवं नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. तिला आवडलं का, हे विचारायची पद्धत नव्हती आणि मी पद्धतीबाहेर कधी गेलेलो नाही.

गंमत अशी की ज्या नावासाठी एवढा खटाटोप केला, ते मी कधी वापरलंच नाही. मी तिला ‘अगं’ म्हणायचो.

ती बी.एस्सी., बी.एड. लग्नाआधी एक वर्ष तिनं कोरेगावच्या एका शाळेत बदलीवर विज्ञान शिकवलं होतं. ते वर्ष तिच्या बोलण्यात सारखं यायचं. फळ्यासमोर उभं राहिलं की मला भूकसुद्धा लागायची नाही, असं ती म्हणायची. कारखान्याच्या कॉलनीत आल्यावर तिला आसपासच्या शाळांत अर्ज करायचे होते. पण सगळी प्रमाणपत्रं माहेरच्या नावाची. नवं नाव सरकारी गॅझेटात छापून आणलं असतं, तर दोन्ही नावांची सांगड बसली असती. त्यासाठी एक अर्ज, एक प्रतिज्ञापत्र आणि सांगलीला दोन चकरा, एवढंच लागत होतं. मी म्हणायचो, करू की. गळीत हंगाम संपू दे. हंगाम संपला की दुरुस्तीचं काम निघायचं, दुरुस्ती संपली की पुढचा हंगाम. तीन वर्षं माझं ‘करू की’ चाललं. शेवटी ती म्हणाली, मी माहेरच्या नावानंच अर्ज करते, प्रमाणपत्रं त्याच नावाची आहेत. मी पेपर वाचता वाचता मान हलवली. पत्ता मात्र तिला आमच्या क्वार्टरचाच द्यावा लागणार होता.

आता टपालाबद्दल सांगतो. कॉलनीचं सगळं टपाल आधी कारखान्याच्या आवक खिडकीवर यायचं आणि तिथून घरोघर जायचं. ती खिडकी सांभाळायला एक निवृत्त फौजी होते. कोरेगाव तालुक्यातले, घरचा ऊस, दोन भाऊ शेतात आणि हे फौजेत. आमच्या भागात फौजेतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात, हुद्दा काहीही असो. यांनाही सगळे मेजरच म्हणत. खरा हुद्दा विचारला की ते हसायचे आणि सांगायचे की आम्ही तिथंसुद्धा टपालच वाटलं.

मेजरांकडे एक जाड बांधणीची वही होती. क्वार्टर नंबर, त्यापुढं कुटुंबातली नावं शाईनं, आणि त्यांच्याखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात आणखी नावं. मी सुसाट सुटलेला माणूस. यंत्रांची यादी झाली, आता माणसांची करू, असं ठरवलं. कॉलनीतल्या रहिवाशांची यादी कॉम्प्युटरवर घेतली की टपाल, रेशनचं साखरवाटप, निवडणुकीची यादी सगळं एका जागी. मेजरांची वही मागवली आणि स्वतः बसलो. पेन्सिलीतली नावं कुणाची, हे मला कळेना. त्यांना बोलावलं.

ते चपला काढून आत आले आणि उभेच राहिले. मी विचारलं, ही खालची नावं कुणाची? ते म्हणाले, “बायकांची हायेत, साहेब. म्हायेरची. कुनाला कालिजातनं कागद येतो, कुनाला जुनी मैत्रीण लिवती, कुनाला बापाच्या वाटणीची नोटीस. ती सगळी जुन्या नावानं येत्यात. म्हून इचारून इचारून लिवून ठिवली.”

मी म्हटलं, यादीत एका माणसाला एकच नाव. दोन नावं ठेवली की घोळ होतो.

त्यांनी माझ्या यंत्राकडे बघितलं. मग म्हणाले, “एक खण वाढवा, साहेब. म्हायेरचं नाव म्हून. तुमाला काय, बटन दाबायचं. आमी फौजेत पत्र परत धाडत नव्हतो. मानूस हुडकायचो.”

मला राग आला. खरं सांगायचं तर त्यांच्या म्हणण्याचा नाही, अनवाणी उभ्या माणसानं माझ्या खोलीत मला पद्धत शिकवावी याचा आला. काट्याच्या छपाईसाठी मी स्वतः सर्व्हरमध्ये जुनं नाव शेजारी लिहिलं होतं, तेच हे सांगत होते. फाईल तीच, युक्ती तीच. ते मला त्याच क्षणी आठवलं होतं, उगाच विसरलो असं म्हणणार नाही. पण जे पुण्याच्या इंजिनिअरकडून शहाणपण म्हणून ऐकलं, ते टपालवाल्याकडून मला अडाणीपणा वाटलं. मी लाल पेन घेतलं, त्यांच्यासमोर वहीतली पेन्सिलीची नावं एकेक करून खोडली आणि वही माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. म्हटलं, आता ही लागणार नाही, यादी बघून काम करा. यादीत नसलेल्या नावाचं टपाल पोस्टाला परत करावं, असं एक परिपत्रकही काढलं. परिपत्रकं काढायची मला तेव्हा चटक लागली होती.

आमचा क्वार्टर नंबर एकोणीस. त्या पानावरही मी रेघ मारली. नाव वाचलं नाही, नुसती रेघ मारत गेलो.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी सांगलीतल्या एका शाळेत विज्ञान शिक्षिकेची कायम जागा निघाली. तिनं अर्ज केला. शाळेतल्या एका बाईंची तिच्याशी ओळख होती. त्या म्हणाल्या, अर्ज चांगला आहे, मुलाखतीचं पत्र येईल, वाट बघ. ती तयारीला लागली. स्वयंपाकघरातल्या खिडकीत स्टीलचं ताट तिरकं धरून, प्रकाशाचं परावर्तन रिकाम्या भिंतीला समजावून सांगायची. मी जेवायला घरी आलो की मलाच विद्यार्थी करायची आणि मी मुद्दाम चुकीची उत्तरं दिली की खवळायची. लग्नानंतर मी तिला इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. दुपारी टपालवाटपाची सायकल वाजली की ती दारात जाऊन उभी राहायची. सायकल पुढं निघून जायची.

तीन आठवडे गेले. मी म्हणालो, शाळांचा कारभार असाच असतो, धीर धर. एक दिवस तिनं स्वतःच एस.टी. पकडली आणि सांगलीला जाऊन आली. मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती पलंगावर बसली होती, साडीही बदललेली नव्हती. मुलाखती आठ दिवसांपूर्वीच होऊन गेल्या होत्या. दुसऱ्या एकीची नेमणूक झाली होती. शाळेच्या कारकुनानं तिला तिचं पत्र दाखवलं आणि तुमचंच आहे म्हणून देऊनही टाकलं. ते तिनं माझ्यापुढं ठेवलं. पाकिटावर टाईप केलेलं तिचं माहेरचं नाव, खाली आमचा पत्ता. त्यावर कारखान्याचा शिक्का आणि निळ्या शाईत शेरा: ‘संगणक यादीत नाव नाही. परत.’

ती म्हणाली, “मी इथं तीन वर्षं राहते.”

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते लिहायलाच हवं, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. तिचं किती मोठं नुकसान झालं, हे नंतर आलं. पहिल्यांदा आलं ते हे की वही माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या खिशात.

मी म्हणालो, टपालवाल्यांचा गलथानपणा, उद्या चौकशी करतो.

दुसऱ्या दिवशी खरंच चौकशी केली. ज्या दिवशी पत्र परत गेलं, त्या आठवड्यात मेजर गावच्या यात्रेला रजेवर होते. खिडकीवर बदलीचा कारकून होता. त्यानं माझी यादी बघितली, माझं परिपत्रक बघितलं आणि अगदी नियमानं वागला. मेजर जाग्यावर असते, तर परिपत्रक धाब्यावर बसवून ते पत्र त्यांनी आमच्या दारात आणून दिलं असतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. हे सगळं दुपारपर्यंत मला माहीत झालं होतं. घरी जाऊन तिला सांगायचं, एवढंच बाकी होतं.

पण मी जाण्याआधीच ती आवक खिडकीवर पोचली होती. ती कधी कुणाला आवाज चढवून बोलत नाही. त्या दिवशी बोलली. मी आवाज ऐकून बाहेर आलो आणि व्हरांड्याच्या खांबापाशी थांबलो. ती मेजरांना म्हणत होती की एक पत्र नीट पोचवता येत नसेल तर या खिडकीवर बसता कशाला, माझी नोकरी गेली तुमच्यामुळे. लोक जमले होते. मेजरांनी मला पाहिलं. ‘मी रजेवर होतो’ एवढं त्यांनी सांगितलं असतं तरी पुरलं असतं. रजेचा अर्ज त्यांच्याच टेबलावर असणार. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, “चूक झाली, वैनी. माफी असावी.”

मी खांबापासून हललो नाही. नंतर तिला हाताला धरून घरी नेलं, पाणी दिलं आणि म्हणालो, जाऊ दे, वयस्कर माणूस आहे. माझ्या तोंडून हे वाक्य निघालं. आजही आठवलं की मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

त्या आठवड्यात मी यादीत खण वाढवला. मेजरांना वही परत दिली. देताना काही बोलायला हवं होतं, पण मी म्हणालो, ही जरा सांभाळून ठेवा. त्यांनी बरं म्हणून घेतली. देण्याआधी खोडलेली नावं पुन्हा वाचून यादीत भरायला मला दोन दिवस लागले होते. लाल रेघेखालून पेन्सिल नीट दिसत नव्हती, काही घरी विचारायला जावं लागलं. बायका आधी चपापायच्या, मग सांगताना बहुतेकजणी हसायच्या. एक म्हातारी मात्र म्हणाली, थांब, आठवून बघते.

मधे एकदा वाईला गेलो तेव्हा आईला सहज म्हटलं, तुझं माहेरचं नाव काय गं? मला ते माहीत नव्हतं. आई पापड लाटत होती, तिनं लाटणं थांबवलं. तिचंही नाव लग्नात बदललेलं होतं. जे नाव तिचं म्हणून, एका घरात दोन नकोत म्हणून, मी माझ्या बायकोचं नाव पुसलं, ते आईचंही नव्हतंच. तिच्या सासूनं ठेवलेलं होतं. आईनं खरं नाव सांगितलं आणि म्हणाली, कशाला हवंय तुला ते आता? मी म्हटलं, यादीसाठी.

तशी कायम जागा पुन्हा निघाली नाही. निघाल्या त्या लांबच्या किंवा सहा महिन्यांच्या. मी गॅझेटचं काम महिन्याभरात करून आणलं, तीन वर्षं जे होत नव्हतं ते. तिनं तो कागद वाचला आणि कपाटात ठेवला. नंतर तिनं कॉलनीतल्या मुलांच्या विज्ञानाच्या शिकवण्या सुरू केल्या, आमच्याच बाहेरच्या खोलीत, चटईवर. फळा मी आणून दिला. मुलं तिला बाई म्हणायची. तेही नाव नव्हेच, पण त्या हाकेला ती लगेच वळायची.

मला सांगायला रोज सवड होती. सकाळी चहाच्या वेळी, एस.टी.त शेजारी बसलेले असताना, ती भाजी निवडताना. मी मनात वाक्य जुळवायचो आणि ती वर बघायची, की मी विचारायचो, मीठ कमी आहे का आज? ती म्हणायची, तुम्हाला वाटतं का? आणि थोडा वेळ माझ्याकडे बघत राहायची. मला वाटायचं, ती मिठाचाच विचार करते आहे.

तीन वर्षांनी मेजर दुसऱ्यांदा निवृत्त झाले. ऑफिसात हार-नारळ झाले, पण ती म्हणाली, त्यांना घरी चहाला बोलवा. ते आले, पांढरीशुभ्र टोपी घालून, आणि बरोबर शेतातल्या गुळाची ढेप घेऊन. तिनं पोहे केले होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तिनं विषय काढला. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुम्हाला टाकून बोलले, ते मनातून गेलेलं नाही, असं ती म्हणाली. मी पोह्यांकडे बघत होतो. मेजर म्हणाले, “आवं, चूक आमचीच हुती की वैनी. लय दिस झालं त्याला.” आणि त्यांनी एकदाच, अगदी सहज, माझ्याकडे पाहिलं. सांगायची ती शेवटची संधी होती आणि आम्हा तिघांनाही ते ठाऊक होतं, हे मला नंतर कळलं. मी त्यांना विचारलं, चहा आणखी घेणार का?

ते गेले. त्यांना फाटकापर्यंत पोचवून मी परत आलो, तेव्हा ती बशा उचलत होती.

ती म्हणाली, “ते त्या आठवड्यात रजेवर होते.”

बशा मोरीत ठेवून ती पुढं म्हणाली की पत्र परत गेल्यानंतर महिन्याभरानं ती पुन्हा त्या खिडकीवर गेली होती. यापुढं माझी पत्रं कशी पोचणार ते दाखवा, म्हणाली होती. मेजरांनी काहीच सांगितलं नाही. नुसती वही काढून एकोणीस नंबरचं पान पुढं केलं, हे बघा तुमचं नाव इथं आहे म्हणून. आहे खरं, लाल रेघेखाली.

“तुमची रेघ मी ओळखते,” ती म्हणाली. “पट्टी न लावता सरळ येते.”

तीन वर्षं तिला माहीत होतं. मीठ कमी आहे का, हे मी विचारत होतो तेव्हाही. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, “वाट बघत होते. पत्राची बघितली, तशीच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. लग्नानंतर पहिल्यांदाच मी तिला तिच्या जन्माच्या नावानं हाक मारली. रात्रभर ठरवून ठेवलं होतं. ती वळली नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा हाक मारली.

तिनं दुधाखालचा गॅस बारीक केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “यादीत नाव नाही. परत पाठवा.”